एलाच्या खोऱ्याचा पहिला नकाशा

शांतवनदादा,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो त्याला सहा वर्षं. ते खोटं तुम्ही असतानाच निस्तरायचं होतं. दर शुक्रवारी मनाशी ठरवायचो. तुम्ही चर्चमधून परत यायचात, पांढरा शर्ट हँगरला लावायचात आणि म्हणायचात, "दत्ता, चहा टाक." मी कँटीनमध्ये जाऊन चहा टाकायचो. तो उकळेपर्यंत माझा धीर आटून जायचा.

परवा इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी तुमच्यासाठी छोटी सभा घेतली. जन्म नगरचा, वडील मास्तर, सर्व्हेअर म्हणून इतकी वर्षं बहारीनमध्ये, स्वभाव मनमिळाऊ. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. मनमिळाऊ? सहा वर्षं एका माणसाच्या हातचा चहा न घेणारे तुम्ही! आणि ते कोणामुळे, हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी उठलो, "दादा चांगले होते" म्हणालो आणि बसलो.

जे तिथे बोललो नाही ते इथे लिहितो.

तुम्ही पहिल्याच दिवशी मला घाबरवलं होतंत. मी गुहागरकडचा, नवा कोरा ड्रायव्हर, व्हिसासाठी दोन वर्षं वाट बघून आलेला. तुबलीच्या गॅरेजमधून पिकअप सोडवली आणि तुम्हाला घ्यायला सलमाबादच्या कामगारांच्या कॅम्पात आलो. तुम्ही उंची मोजायच्या यंत्राची, लेव्हलची, पेटी तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन बाजूला बसलात. आली गावाच्या बाजूला नवा रस्ता जायचा होता. तिथे पोचलो तर जिकडे बघावं तिकडे टेकाडं. मातीखडीची, गोल, एकाला एक लागून, नजर पोचेल तिथपर्यंत.

"ही कसली टेकाडं?"

"थडगी."

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तुम्ही हसलात. "चार हजार वर्षं गप्प पडलेली माणसं आहेत रे. नेमकी आज कशाला उठतील? चल, स्टाफ धर."

स्टाफ म्हणजे मापाची ती लांब पट्टी. ती धरून मी टेकाडावर उभा राहिलो, आणि तुम्ही दुर्बिणीतून ओरडलात, "हलू नकोस! पट्टी थरथरतेय!" पट्टी कशाला थरथरेल, मीच थरथरत होतो.

रस्ता होण्याआधी त्या थडग्यांचं खोदकाम चाललं होतं. खोदणारी माणसं ब्रशनं माती झाडत बसायची. त्यांना उंचीची मापं काढून द्यायला तुम्हाला पाठवायचे, आणि काम संपलं तरी तुमचा पाय निघायचा नाही. एकदा एक थडगं उघडलं तेव्हा मीही वाकून बघितलं. माणूस कुशीवर झोपलेला, गुडघे पोटाशी घेतलेले, उशाशी एक मडकं, हाताशी शिंपला. तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत. परत येताना गाडीत तुम्ही ती मांडीवरच धरून बसला होतात. मग म्हणालात, "ज्याला कुणी प्रेमानं पुरलं, तो सापडतो. लढाईत पडलेल्यांचे गुडघे कोण दुमडून ठेवतं?"

"कुठली लढाई?"

त्या संध्याकाळी तुम्ही खोलीत माझ्या बॅगेचा एक डोंगर केलात, लेव्हलच्या पेटीचा दुसरा, आणि मध्ये टॉवेल पसरलात. तुमच्या शास्त्रातली, बायबलातली गोष्ट. दावीद नावाचा मेंढपाळ आणि गल्याथ नावाचा धिप्पाड पलिष्टी. दावीदनं गोफणीतून दगड मारला आणि गल्याथ पडला. एवढं मी सिनेमात कुठेतरी बघितलं होतं. पण तुम्हाला त्या दोघांचं फारसं पडलेलंच नव्हतं. तुम्हाला पडलं होतं ते जागेचं. टॉवेल म्हणजे एलाचं खोरं. पश्चिमेला समुद्राकडचं मैदान, तिकडून पलिष्टी वर चढत आले आणि दक्षिणेच्या डोंगरावर थांबले. समोर उत्तरेच्या उतारावर दावीदच्या बाजूचं, शौल राजाचं सैन्य. खोऱ्याच्या वरच्या अंगाला सोखो, खालच्या तोंडाशी अजेकाची टेकडी. मधून ओढा. हे खोरं ज्याच्या हातात, त्याला डोंगरातल्या गावांकडे जाणारी वाट मोकळी.

"चाळीस दिवस दोन्ही सैन्यं समोरासमोर बसून राहिली," तुम्ही म्हणालात. "का? सांग."

"घाबरली."

"अरे, घाबरली नाहीत, शहाणी होती. जो आधी खाली उतरेल त्याला समोरची चढण चढायची. वरून दगड, भाले. कोण उतरेल?"

"म्हणजे घाबरलीच की."

तुम्ही बॅगेवर थाप मारून हसलात. पण मला ती चाळीस दिवसांची गोष्ट लागली. सकाळ-संध्याकाळ समोरचा दिसतोय, आपण त्याला दिसतोय, आणि पाऊल उचलवत नाही. ते कसं असतं हे मला पुढे नीट कळलं.

मग तुम्ही नकाशा काढायला घेतलात. चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तुम्हाला जुनं पुस्तक दिलं होतं. त्यात तळहाताएवढा नकाशा होता. त्यावर पेन्सिलीनं बारीक चौकटी आखून, तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर आखून, एकेक चौकट तुम्ही मोठी करत गेलात. उंचीच्या रेषा काळ्या शाईनं. शौलाचं सैन्य निळ्या बाणांनी, पलिष्टी लाल. गावांची नावं इंग्रजी ठळक अक्षरांत. तीन वर्षं हे चाललं. कामावरून आलं की अंघोळ, जेवण आणि नकाशा. सुट्टीवर नगरला गेलात तेव्हासुद्धा रूथवहिनींनी मला निरोप धाडला होता, "भावजी, यांना तिकडे नकाशाशिवाय दुसरं काही काम असतं की नाही?"

आपलं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून.

"दादा, तिथे खणलं तर काय मिळेल?"

"खोऱ्यात? काही नाही. ओढा गाळ आणतो, शेतकरी नांगर घालतो. अजेकाच्या टेकडीवर जुन्या काळी विलायती लोकांनी खणलं होतं. तट मिळाला, खापरं मिळाली. लढाई नाही मिळाली. लढाई मिळत नसते."

"मग झाली कशावरून?"

"जागा खरी आहे. ज्यानं गोष्ट सांगितली त्याच्या पायाखालून ती जागा गेलेली आहे. ओढा कुठे, उतार कुठे, पळणारे कुठल्या बाजूला पळतील, सगळं जुळतंय."

"आमच्या गावात देवाच्या पावलाचा खडक आहे. खडक खरा आहे. म्हणून पाऊल देवाचं?"

त्यावर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडीत बसता बसता म्हणालात, "तुझ्या खडकाचं माप घेतलंय का कुणी?" आणि भांडण पुन्हा सुरू. ते आजपर्यंत मिटलं नाही. मी अजूनही म्हणतो, जागा खरी असली म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. तुमच्याकडे यावर नवीन काहीतरी उत्तर असणार, आणि ते मला ऐकायला मिळणार नाही.

आता त्या शुक्रवारचं सांगतो.

त्या उन्हाळ्यात टीव्हीवर रोज इस्राएली बाँबनी बैरूत जळताना दिसायचं. कँटीनमध्ये लोक आवाज बारीक करून बोलायचे. इस्राएल हा शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं. दुसऱ्या कुठल्यातरी कॅम्पातल्या एकाला कसल्याशा कागदावरून चोवीस तासांत घरी धाडला, अशी बोलवा होती. खरी-खोटी देव जाणे. आणि आपल्या खोलीत, कपाटाच्या मागे, त्याच देशातल्या एका खोऱ्याचा दीड हात लांब नकाशा, उंचीच्या आकड्यांसकट, सैन्याच्या बाणांसकट. मी तुम्हाला म्हटलं होतं, "दादा, हा कुठेतरी दुसरीकडे ठेवा." तुम्ही म्हणालात, "तीन हजार वर्षांपूर्वीच्या लढाईला कोण पकडतंय?" तुमचं खरं होतं. पण बाण बघणाऱ्याला त्यावरची तारीख कोण समजावणार होतं?

तुम्ही चर्चला गेला होतात. मी बादलीत कपडे भिजवले होते. बाहेर पळापळ ऐकू आली. पलीकडच्या खोलीतला एकजण दारातून डोकं घालून म्हणाला, "खोल्या तपासतायत. कॅम्पबॉसबरोबर बाहेरचे दोघे आहेत." आणि गेला.

बाहेरचे दोघे. एवढंच मी ऐकलं. लाकडी पॅसेजमध्ये एकेक दार उघडल्याचा आवाज येत होता. पहिलं दार. दुसरं. आपली खोली सातवी. मी कपाट ओढलं, गुंडाळी काढली. लपवायला जागा नाही. खिडकीबाहेर लोक उभे. तिसरं दार. माझ्या डोळ्यांसमोर आईचा चेहरा आला, मग पासपोर्टवर मारलेला शिक्का. मी नकाशा फाडायला सुरुवात केली. जाड कागद, फाटता फाटेना. दातांनी फाडला. तुकडे बादलीत घातले, कपड्यांखाली, साबणाच्या पाण्यात, आणि दोन्ही हातांनी चोळत राहिलो. निळं-लाल पाणी वर आलं. तुमची शाई चांगली होती दादा, लवकर सुटत नव्हती. चोळून चोळून कागदाचा लगदा झाला तेव्हा सातवं दार उघडलं.

ते दोघे आत आले. एकानं खोलीत नजर फिरवली. वाकून खाटेखाली बघितलं आणि आपला रॉकेलचा स्टोव्ह उचलला.

"मना है," कॅम्पबॉस म्हणाला. "उधर एक कमरा जल गया कल. आज से रूम में स्टोव्ह नहीं. जो पकाना है, कँटीन में."

आणि गेले. त्यांना फक्त स्टोव्ह हवे होते.

मी जमिनीवर बसलो. हात कोपरापर्यंत जांभळे झालेले. लगदा पिळून कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकला, बादली तीनदा धुतली. तुम्ही आलात, शर्ट हँगरला लावलात, आणि कपाट जागेवर नाही हे तुम्हाला दिसलं.

"नकाशा कुठेय?"

मी म्हणालो, "तपासणी झाली. घेऊन गेले."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण आतून निघालं ते हे. तुम्ही खाटेवर बसलात. तुमचं वय त्या क्षणी मला पहिल्यांदा दिसलं. मला वाटलं, तुम्ही घाबराल. मी घाबरलो असतो, म्हणून तुम्हीही घाबराल आणि गोष्ट तिथेच मिटेल. पण तुम्ही म्हणालात, "उद्या ऑफिसात जाऊन परत मागतो."

"दादा, नका. जाऊ दे. नोकरी जाईल."

"माझा कागद आहे. मी काय चोरी केलीय?"

माझ्या खोट्यानं तुम्हाला सरळ वाघाच्या तोंडी धाडलं होतं. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. शनिवारी सकाळी मीच तुम्हाला पिकअपमधून ऑफिसला घेऊन गेलो. सात-आठ मैलांचा रस्ता. प्रत्येक वळणावर वाटलं, आता सांगतो. नाही सांगितलं. तुम्ही आत गेलात. मी बाहेर इंजिन चालू ठेवून बसलो. अर्धा तास झाला, तास झाला. मी देवाला नाना नवस बोललो. मनात तुमची बॅग भरून झाली, माझी भरून झाली, दोघं विमानात बसलोसुद्धा.

दीड तासानं तुम्ही बाहेर आलात. काखेत कागदाची गुंडाळी, आणि चेहऱ्यावर असं काही की मला ते वाचता येईना.

"यल्ला, चल," तुम्ही म्हणालात.

आत काय झालं ते तुम्ही मला तुकड्या-तुकड्यानं सांगितलंत. कॅम्पबॉस शपथेवर म्हणाला की स्टोव्हशिवाय आम्ही काडीसुद्धा उचलली नाही. तुमचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. तुम्ही थेट प्रोजेक्ट इंजिनिअर अबू नबील यांच्या केबिनमध्ये घुसलात. ते पॅलेस्टाईनचे, हे साऱ्या कंपनीला माहीत होतं. लहानपणी आईचा हात धरून घर सोडून निघालेले. त्यांच्यापुढे उभं राहून तुम्ही म्हणालात, "सर, माझा नकाशा नेलाय. एका जुन्या लढाईचा आहे."

"कुठल्या?"

तुम्ही नाव सांगितलंत. त्यांनी टेबलावरची एक रद्द झालेली ब्लूप्रिंट उलटी केली, तिची कोरी बाजू तुमच्यापुढे सरकवली. "काढून दाखव."

तीन वर्षांचा नकाशा तुमच्या बोटांत होता. पाऊण तासात तुम्ही खोरं उभं केलंत. ते खुर्चीतून उठून तुमच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. मग त्यांनी तुमच्या हातातली पेन्सिल घेतली.

"आम्ही याला वादी अस-सुंत म्हणतो," ते म्हणाले. "तुझा ओढा इथे सरळ आहे. तो सरळ नाही. वळतो. आणि तुझ्या त्या पोराला गोफणीसाठी गोटे हवे होते ना? सरळ ओढ्यात बारीक खडी असते. गुळगुळीत गोटे या वळणावर मिळतात."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"आम्ही तिथे खेळायचो. माझं गाव या डोंगरावर होतं."

तुम्ही मला हे सांगताना 'होतं' या शब्दाशी थांबलात. मी गाडी चालवत होतो. मग तुम्ही म्हणालात, "कॅम्पबॉस म्हणतो, कागद घेतलाच नाही."

मी गिअर बदलला. "मग तो खोटं बोलतोय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. किती वेळ, कोण जाणे. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. "हं," तुम्ही म्हणालात. त्यानंतर तो विषय तुम्ही एकदाही काढला नाहीत. पण कॅम्पबॉसशी बोलणं टाकलंत. ईदला तो सगळ्यांना चहा द्यायचा, तुमच्यापुढे ट्रे धरायचा, आणि तुम्ही "नको" म्हणून पुढे जायचात. प्रत्येक वेळी तो माझ्याकडे बघायचा, जणू मी त्याला काही समजावून सांगेन.

दुसरा नकाशा मात्र पहिल्याहून चांगला झाला. शुक्रवारी दुपारी मी तुम्हाला रिफ्याला अबू नबील यांच्या घरी सोडायचो आणि आतच बसायचो. त्यांची म्हातारी आई जमिनीवरच्या गादीवर बसलेली असायची. हज करून आलेली म्हणून सगळे तिला हज्जा म्हणायचे. तिला तुमच्या लढाईशी काही घेणं नव्हतं.

"कोण शौल?" तिनं विचारलं. अबू नबील यांनी सांगितलं, तिकडे राजा होता, त्याचं सैन्य होतं. ती म्हणाली, "सैन्यं पुष्कळ आली. विहिरी लिहिल्या का?"

तुम्ही विहिरी लिहिल्यात. मग खळं लिहिलंत, बदामाची झाडं, पावसाचं पाणी साठायची गुहा, बकऱ्यांची वाट. ती डोळे मिटून सांगायची, मुलगा इंग्रजी करायचा, तुम्ही पेन्सिल टेकवायचात. हळूहळू निळे-लाल बाण बारीक होत गेले. मी चिडवलं, "दादा, लढाई कुठे गेली?" तुम्ही म्हणालात, "चाळीस दिवस सैन्य बसलं तर प्यायलं काय? विहिरी आधी." पण मला वाटतं, तुम्हाला तोवर सैन्याचा कंटाळा आला होता. आलीच्या थडग्यात ज्या नजरेनं बघायचात, त्या नजरेनं तुम्ही हज्जाकडे बघायचात.

मला त्या घरात कधी सुख लागलं नाही. तिथे बसून मी विचार करायचो, मी तो कागद फाडला नसता तर तुम्ही या दारात आला नसतात. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची, की बघा, हा आपल्या पापाचं पुण्य करायला निघाला.

तुमची ती शेवटची सकाळ. साडेआठ वाजले असतील. तुम्ही तिपाईवर लेव्हल बसवत होतात. त्यातला पाण्याचा बुडबुडा मधोमध आला की यंत्र सरळ झालं, हे तुम्हीच मला शिकवलेलं.

"दत्ता, बबल थांबत नाही."

मी येऊन बघितलं. बुडबुडा अगदी मधोमध, स्थिर होता. वर बघितलं तर तुमचा चेहरा राखेसारखा, घामानं भिजलेला. तुम्हाला कसंबसं पिकअपमध्ये घातलं आणि हॉस्पिटलकडे पळवली. तुम्ही डोकं मागे टेकून डोळे मिटले होतेत. मला कळलं की आता नाही तर कधीच नाही. मी म्हणालो, "दादा, तो पहिला नकाशा कुणी नेला नव्हता. तो मी..."

"समोर बघ, दत्ता," तुम्ही म्हणालात.

तेवढंच. समोर ट्रक होता हे खरं. मी ब्रेक मारला, गाडी वाचली. हॉस्पिटलच्या दारात तुम्हाला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तुम्ही बोलत नव्हतात. रूथवहिनींनी फोनवर विचारलं, "शेवटी काय म्हणाले?" मी सांगितलं, "गाडी नीट चालव म्हणाले." त्या रडता रडता म्हणाल्या, "अगदी त्यांचंच बोलणं." पण दादा, तुम्ही ट्रकसाठी म्हणालात, की मला थांबवलंत? ऐकायचं नव्हतं तुम्हाला? की ऐकायची गरज नव्हती? बारा दिवस मी हेच दळतो आहे.

तुमचे कागद कोणी केले माहीत आहे? कॅम्पबॉसनं. तीन दिवस तो एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात धावला. तुम्हाला नीट घरी पोचवायचं म्हणून भर उन्हात रांगेत उभा राहिला. एअरपोर्टच्या कार्गोच्या शेडमध्ये तुमची पेटी आत गेल्यावर आम्ही दोघं बाहेर कट्ट्यावर बसलो.

"छह साल उसने मेरी चाय नहीं पी," तो म्हणाला. "मैंने क्या किया था, तुझे मालूम है?"

मी सांगितलं. दरवाजे, बादली, दात, सगळं. हिंदीत सांगताना माझी जीभ अडखळत होती. तो ऐकत राहिला. मला वाटलं, थोबाडीत देईल. बरं झालं असतं. तो उठला, चार पावलं गेला, परत आला.

"उसको बोला क्यों नहीं?"

"डर."

"मेरा?"

"पहले आपका। बाद में उनका।"

त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "माफ नहीं करूँगा," तो म्हणाला, "अभी नहीं।" आणि मला गाडीत बसवून कॅम्पात आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला ड्युटीबद्दल काही विचारलं, नेहमीच्या आवाजात. मी अजून त्याच्या समोर नीट उभा राहू शकत नाही. रूथवहिनींना पत्र लिहिलंय. त्यात सगळं आहे. काल टपालात टाकलं. पेटीच्या फटीतून सुटल्यावर पुन्हा हात घालून काढावंसं वाटलं.

काल दुपारी रिफ्याला गेलो. अबू नबील दारातच भेटले, माझा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. आत हज्जा गादीवर होती. भिंतीवर तिच्यासाठी तुम्ही काढून दिलेली नकाशाची प्रत, काचेत. तिनं तुमच्यासाठी दुवा मागितली. मग विचारलं, त्याचं गाव कसं आहे, तिथे पाणी आहे का, आई आहे का. मी जमेल तेवढ्या अरबीत सांगितलं.

मग ती मुलाला काहीतरी म्हणाली. त्यांनी नकाशा भिंतीवरून उतरवला, काच काढली.

"आई म्हणते, यात आमचं घर नाही," अबू नबील म्हणाले. "तिनं त्याला कितीदा सांगितलं. तो म्हणायचा, विहिरीपासून किती पावलं ते नक्की आठव, मग घालतो. अंदाजानं घर काढणार नाही. आता तिला आठवलंय. रोज मनात चालून बघते. विहिरीपासून वर दोनशे दहा पावलं, मग उजवीकडे चाळीस."

त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी म्हणालो, मी ड्रायव्हर आहे, मी फक्त पट्टी धरायचो. ते म्हणाले, "त्याच्याबरोबर एवढी वर्षं तूच होतास."

मी हज्जाला दोन पावलं चालायला सांगितलं. भिंतीचा आधार घेत ती चालली. मी टेपनं मोजलं. म्हातारपणाची पावलं आखूड, म्हणून विचारलं, तेव्हा तू तरुण होतीस? ती हसली. मग तिची नात चालली, तिची पावलं मोजली. नकाशाच्या कोपऱ्यातलं तुमचं प्रमाण घेतलं. कागदावर हिशेब केला, पुन्हा केला, तिसऱ्यांदा केला. तुमच्या रेषांमध्ये माझी रेघ चुकली तर काय, एवढंच डोक्यात होतं. शेवटी एक बारीक चौकोन काढला.

हज्जा कागदावर वाकली, नाक टेकेल इतकी. बोटानं विहिरीपासून वर आली, उजवीकडे वळली, माझ्या चौकोनाशी थांबली.

"थोडं वर," ती म्हणाली. "इथे अंगण आहे."

मी खोडरबर मागितलं.